तिखटावर पाणी

लॅक्टोमीटर सव्वीसवर थांबला. सलग तिसऱ्या दिवशी.

"सोजरबाई, परत," मी म्हणालो आणि रजिस्टरमध्ये लाल शाईने 'नापास' लिहिलं.

त्यांनी दोन लिटरची किटली उचलली, झाकण दाबून बसवलं आणि व्हरांड्याच्या कडेला सावलीत जाऊन बसल्या. दूध नापास झालं की लोक एकतर भांडतात, नाहीतर एखाद्या पुढाऱ्याचं नाव घेतात. गप्प बसणारं माणूस माझ्या नोकरीत विरळाच. त्यामुळे मला जरा अवघडल्यासारखं झालं, पण मागे रांग होती. मी पुढची किटली घेतली.

मी एका सहकारी दूध संघात केमिस्ट होतो. केमिस्ट म्हटलं की लोकांना औषधाचं दुकान वाटतं. माझ्याकडेही कितीतरी जण डोकेदुखीची गोळी मागायला येत, आणि नाही म्हटलं की 'मग बसलाय कशाला?' अशा नजरेने बघत. माझं काम चिलिंग सेंटरवर होतं. गावोगावचं दूध तिथे जमा करायचं, तपासायचं, थंड करायचं आणि टँकरने पुढे पाठवायचं. आमचं सेंटर युसूफ वडगावच्या पुढे एका फाट्यावर होतं. दोन खोल्या, एक व्हरांडा, मागे कॉम्प्रेसर. एका खोलीत लॅब, दुसरीत मी.

एरवी आम्ही तिघं असायचो. पण तो लागोपाठ दुसऱ्या दुष्काळाचा उन्हाळा होता. दूध आटलं तशी संघाने माणसंही आटवली. दोघांची बदली झाली, मी उरलो. जवळच्या गावची डेअरी बंद करून तिचा मापाडी बन्सी यालाही माझ्या व्हरांड्यात आणून बसवलं. तो सकाळी यायचा, संध्याकाळचं माप झालं की सायकलवर टांग टाकून घरी जायचा. उरलेला वेळ मी आणि कॉम्प्रेसर. त्याचा आवाज बंद पडला की मी दचकायचो, आणि ते दूध खराब होईल म्हणून नव्हे, हे आता कबूल करायला हरकत नाही.

दुधाच्या तपासणीत मुख्य गोष्टी दोन. एक फॅट, म्हणजे दुधातलं लोणी. काचेच्या नळीत आम्ल आणि दूध घालून ती यंत्रात गरगर फिरवायची. लोणी वर येतं, ते मोजायचं. दुसरी लॅक्टोमीटरची. हा काचेचा तरंगणारा दांडा. दूध दाट असलं की तो वर राहतो, पातळ असलं की बुडतो. आमच्या संघाची रेघ अठ्ठावीसची होती. त्याखाली गेलं की दुधात पाणी आहे असं धरायचं आणि दूध परत करायचं.

त्या वर्षी या नियमाला एक शेपूट जोडलं होतं. संघ बाहेरून उसाचं वाढं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, मागवून सभासदांना चारा म्हणून देत होता. ज्याचं दूध पास, त्यालाच चारा. तीन दिवस लागोपाठ नापास, तर चाऱ्याच्या यादीतून नाव कमी. नियम वाईट नव्हता. चारा संघाचा घ्यायचा आणि दुधात हापशाचं पाणी घालायचं, असे महाभाग होतेच. पण त्याचा अर्थ असा होता की माझ्या लाल शाईच्या एका ओळीने एखाद्याच्या दावणीचा चारा तुटत होता. सोजरबाईंची तिसरी ओळ मी नुकतीच लिहिली होती.

सोजरबाई पंचावन्नच्या आसपासच्या असतील. नवरा वारलेला. दोन्ही मुलं सुनांना घेऊन उसाच्या तोडीला गेलेली, त्या साली पार कर्नाटकात. घरी या आणि एक म्हैस.

अकरा वाजता व्हरांडा रिकामा झाला. बन्सी चाऱ्याच्या ट्रकची वाट बघत फाट्यावर चहाला गेला. मी हात धुऊन जेवायला बसलो.

माझ्या जेवणाची कथा थोडक्यात सांगतो. माझी पत्नी त्याच्या आदल्या वर्षी गेली. मुलगी लग्न होऊन लातूरला. पाली गावात आमचं घर होतं, त्याला कुलूप. मला स्वयंपाकातल्या दोनच गोष्टी येत होत्या, भाकरी आणि ठेचा. भाकरी रोज नव्या नकाशाची व्हायची. ठेचा मात्र जमला होता, म्हणून तोच करत होतो, एकदा केला की तीन दिवस. भाजी तशीही बाजारात दिसत नव्हती. पत्नी असताना ठेच्याच्या शेजारी दह्याची वाटी आपोआप पानात यायची. ती कोणी तरी ठेवतं, हे वाटी यायची थांबल्यावर माझ्या लक्षात आलं. माणूस इतका मठ्ठ असू शकतो.

त्या दिवशीच्या मिरच्या बन्सीच्या मेव्हण्याच्या परसातल्या होत्या. पाणी न मिळालेलं झाड मिरचीत सगळा राग साठवतं. दुसऱ्या घासालाच ठसका लागला. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, कानात गरम वाफ. मी तांब्या तोंडाला लावला आणि अर्धा रिकामा केला.

आता मी केमिस्ट. मला ठाऊक होतं की मिरचीतला जाळणारा अंश तेलकट असतो. तो पाण्यात विरघळत नाही. पाणी प्यायलं की तो जिभेवरून घशात, घशातून ओठांवर, असा सगळीकडे हिंडतो. त्याला धरून नेणारी गोष्ट म्हणजे दूध. दुधातलं लोणी आणि दूध नासल्यावर जो चोथा वेगळा होतो ना, तो भाग, हे दोघं मिळून तो तेलकट अंश जिभेवरून ओढून काढतात. हे मी कॉलेजच्या पेपरात लिहून मार्क मिळवले होते. पण आग लागली की शास्त्र कोणाला आठवतं? मी उरलेला तांब्याही रिकामा केला आणि आणखी पेटलो.

भिंतीपलीकडे टाकीत शेकडो लिटर दूध होतं. त्यातला थेंबही मला घेता येत नव्हता. केमिस्टने सेंटरवरचं दूध प्यायचं नाही आणि सभासदाकडून वाटीभरही घ्यायचं नाही, हा नियम. चोवीस वर्षांत मी तो मोडला नव्हता.

दारात सावली पडली. सोजरबाई अजून गेल्या नव्हत्या. चाऱ्याचा ट्रक येणार म्हणून थांबल्या असाव्यात.

"पानी पिऊ नका सायेब. पान्यानं लई पेटतंय." त्यांनी किटली पुढे केली. "ह्ये घ्या."

मी हाताने नको नको केलं. बोलायला जीभ जागेवर नव्हती.

"कावून न्हाई?"

"नि... नियम."

"ह्ये तर नापास झालंय की. म्हंजी संघाचं न्हाई, माझं हाय. माझ्या दुधाला कोनता नियम?"

त्यांनी माझ्याच पेल्यात दूध ओतलं. मी तोंड भरून घेतलं, घोळवलं, गिळलं. दुसरा घोट घेतला. आग जिभेच्या शेंड्यावरून मागे सरकली, घशात थोडी रेंगाळली आणि गेली. मी डोळे पुसले.

सोजरबाई उंबऱ्याबाहेर टेकल्या होत्या.

"इझली का?"

"विझली."

"मंग यात पानी आसतं तर इझली आसती का?"

"सोजरबाई," मी म्हणालो, "जीभ म्हणजे काही लॅक्टोमीटर नव्हे."

"नसंल. पर तिला लाल शाई बी न्हाई." मग त्या म्हणाल्या, "चारा बंद झाला तर म्हस जाईल, सायेब. ते समजतंय मला. पर पानी घालनारी मनून गावात नाव झालंय तीन दिसांत. ते कुटं घेऊन जाऊ?"

त्या पुन्हा सावलीत गेल्या. मी रजिस्टर उघडलं. तीन दिवसांचा लॅक्टोमीटर सव्वीस, सव्वीस, सव्वीस. शेजारच्या रकान्यात फॅट साडेसहा, साडेसहा, सहा पूर्णांक सहा. म्हशीच्या दुधाचा अगदी ठाकठीक फॅट.

मी बराच वेळ त्या रकान्याकडे बघत बसलो. दुधात पाणी घातलं की दोन्ही पडतात, लॅक्टोमीटरही आणि फॅटही. इथे फॅट जागेवर होता. तो जागेवर होता म्हणून तर माझं तोंड निवलं. मग दूध पातळ का? कारण म्हैस उपाशी होती. जनावराला पोटभर मिळालं नाही की ते लोणी कसंबसं देतं, पण दुधातला बाकीचा घट्ट अंश कमी होतो. हेही मी पेपरात लिहिलं होतं. तीन दिवस दोन्ही रकाने मीच भरले होते, माझ्याच हाताने, आणि एकदाही शेजारी शेजारी वाचले नव्हते. मला स्वतःची लाज वाटली. नुसती वाटली असं नाही, दुपारभर वाटत राहिली.

ट्रक एक वाजता आला. बन्सी यादी वाचून पेंढ्या वाटू लागला. मी त्याला बाजूला घेतलं.

"बन्सी, सोजरबाईंना दे चार पेंढ्या. माझी चूक झालीय."

"न्हाई देता येत सायेब. नाव कटलं."

"अरे, पण मीच सांगतोय ना?"

"तुमीच लाल शाई मारली, आन् आता तुमीच मला मनताव दे. उद्या कुनी तक्रार केली तर सही कुनाची? माझी." तो वाईट माणूस नव्हता. त्याच्याही दावणीला दोन जनावरं होती. "तुमच्या त्या वरच्या सायबाकडून कागद आना. लगेच देतो. घरी नेऊन टाकतो."

कागद आणायचा रस्ता एकच होता, गोठ्याचा नमुना. दुधाबद्दल वाद झाला की केमिस्टने स्वतः गोठ्यात जायचं, आपल्या डोळ्यांसमोर धार काढायला लावायची आणि ते दूध तपासायचं. गोठ्यातच पातळ निघालं तर माणूस निर्दोष. सोपं आहे. फक्त हे आधी करायचं असतं, लाल शाईनंतर नव्हे.

दुसऱ्या दिवशी उजाडताना मी सोजरबाईंच्या गोठ्यात होतो. गोठा म्हणजे चार मेढी आणि वर उसाच्या पाचटाचं छप्पर. छपराची एक कड उपसलेली दिसत होती.

"उंदीर?" मी विचारलं.

"मंगी," त्या म्हणाल्या. "तिलाच घातलं काडून. कोरडं हाय, पर चावती बिचारी."

मंगी ही म्हैस. बरगड्या मोजता येत होत्या. तिच्याजवळ एक रेडकू, खुंट्याला बांधलेलं. सोजरबाई धारेला बसल्या आणि म्हशीशी बोलू लागल्या. रात्री डास होते का, पोरांचा निरोप आला नाही, हा माणूस कोण आलाय, घाबरू नको, चांगला आहे. हे शेवटचं ऐकून मी खाली बघितलं.

"सारखं बोलता तिच्याशी?"

"कुनाशी बोलू मंग? शेजारनीकडं गेलं तर ती आपलंच सांगती. मंगी आयकती."

मी कॉम्प्रेसरशी बोलत नसे, पण त्याला शिव्या मात्र देत असे. तेवढाच फरक.

तीन सड रिकामे झाले. सोजरबाई उठल्या आणि रेडकाचं दावं सोडलं. ते धडपडत गेलं आणि चौथ्या सडाला लुचलं.

"तो राहिला की," मी म्हणालो.

"चौथा सड वासराचा. त्याला आमी हात लावत न्हाई."

"कधीच?"

"माझ्या सासूनं न्हाई लावला, म्या न्हाई लावला. तीन आपले, येक त्याचा. आईचं दूध हाय ते, सगळंच कसं घ्यावं?"

हे मी पूर्वीही ऐकलं होतं. त्या भागात कितीतरी घरांत ही रीत होती. भर दुष्काळात चौथा भाग सोडून देणाऱ्या बाईवर पाणी घालण्याचा आळ, आणि तो घेणारा मी. मी नमुना दोन बाटल्यांत भरला, एक बाटली लाख लावून सील केली आणि दुसरी तपासायला सेंटरवर आणली. ताज्या कोमट दुधात लॅक्टोमीटर खोटं बोलतो, म्हणून ते निवू दिलं. मग दांडा सोडला. सव्वीस.

इतका आनंद मला पास झालेल्या दुधाचाही कधी झाला नव्हता.

मी रिपोर्ट लिहिला. वळणदार अक्षरात, सगळे रकाने भरून. शेवटी 'शेरा' असा एक रकाना होता. तो कोणी भरत नाही. मी भरला. 'धार तीन सडांची. चौथा सड वासरासाठी राखीव.' जे पाहिलं ते लिहायचं, ही माझी सवय. तिचा मला अभिमानही होता. रिपोर्ट आणि सीलबंद बाटली मी टँकरच्या ड्रायव्हरकडे दिली.

पाचव्या दिवशी फोन आला. आमचे मॅनेजर जोगदंड साहेब हेड ऑफिसला बसत.

"तुमचा नमुना बाद केलाय."

"का साहेब?"

"तुम्हीच लिहिलंय की तीन सडांची धार. गोठ्याचा नमुना म्हणजे पूर्ण धार. नियम तुम्हाला मी सांगायचा?"

"साहेब, ती रीत आहे त्यांच्यात. रोजचं दूधही तीन सडांचंच येतं आपल्याकडे. मग तपासणीही त्याचीच नको का?"

"उद्या एखादा पातळ धार आपल्यापुढे काढेल आणि जाड घरात ठेवेल. मग? नियम त्यासाठी आहे."

नियमात तथ्य होतं. धारेचा शेवटचा भाग सर्वांत जाड असतो, आणि तो मागे ठेवणारे लोक होते.

"साहेब, म्हैस उपाशी आहे. छपराचं पाचट खातेय."

"अहो, मग तो शेरा लिहिलात कशाला?" ते हळू आवाजात म्हणाले. "कोण बघतं तो रकाना? न लिहिता पाठवला असता तर त्याच दिवशी सही केली असती मी. आता कागदावर आलंय. पुन्हा घ्या."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. फोन ठेवल्यावर मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत उभा राहिलो. पाच दिवस गेले होते. या पाच दिवसांत मी चारा विकत घ्यायचाही प्रयत्न केला. कोणी विकायला तयार नव्हतं. त्या साली पेंढी म्हणजे घरातलं माणूस होतं.

सेंटरच्या मागे कॉम्प्रेसरचं पाणी गळायचं. तिथे ओघळीवर दोन हातभर हरळी उगवली होती. दुसऱ्या दिवशी पहाटे ती विळ्याने कापली, पोत्यात भरली आणि गेलो. मंगीने ती मी पोतं झटकेपर्यंत संपवली आणि पोत्याचा वास घेत राहिली. छप्पर अर्धं उघडं झालं होतं.

सोजरबाईंना सगळं सांगितलं. माझा शेराही सांगितला. त्या रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

"खरं ते लिवलं तुमी," त्या म्हणाल्या. "त्यात काय?"

"आज चौथा सडही काढावा लागेल. एकदाच."

त्या म्हशीच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या.

"येक करा," शेवटी म्हणाल्या. "रेडकाच्या डोळ्यावर हात धरा. त्यानं बघू नये."

मी बी. एस्सी. झालेला माणूस. मी गोठ्यात गुडघ्यावर बसलो आणि रेडकाच्या डोळ्यांवर दोन्ही हात धरले. त्याच्या पापण्या माझ्या तळव्यांना लागत होत्या. ते धडपडलं नाही. चौथ्या सडाची धार भांड्यात पडत होती आणि त्या धारेचा आवाज मला संपेसा वाटत नव्हता.

नमुना सव्वीसच आला. या वेळी शेऱ्याचा रकाना मी कोरा ठेवला.

सहा दिवसांनी टँकरच्या ड्रायव्हरने लिफाफा दिला. आत जोगदंड साहेबांच्या सहीचं पत्र. मी बन्सीला दाखवलं.

"झ्याक झालं!" तो म्हणाला. "चार पेंढ्या काडून ठेवतो. सांजंला नेऊन टाकतो, आन् मागच्या बी देतो. तुमी जावा सायेब, सांगा तिला. दूध म्या बघतो."

नोकरीत पहिल्यांदाच मी भर दुपारी सेंटर सोडून गेलो. उन्हात चालताना मला चक्क बरं वाटत होतं. काय बोलायचं ते मी मनात जुळवत होतो. आधी पत्र द्यायचं, की आधी पेंढ्यांचं सांगायचं?

गोठ्याला छप्पर नव्हतं. चार मेढी उभ्या होत्या आणि मधोमध ऊन पडलं होतं. दावणीचे दोन्ही खुंटे मोकळे. सोजरबाई घराच्या दारात बसून जोंधळे निवडत होत्या.

"मंगी?" मी विचारलं.

"गेली. परवा. सिरसाळ्याच्या बाजाराला."

"आणि रेडकू?"

"आईबरूबरच. त्याला येकट्याला ठिवून काय करू?" त्यांनी सुपातला खडा काढून बाजूला टाकला. "येका मानसानं नेली. पाळायला मनला." थोड्या वेळाने पुन्हा म्हणाल्या, "पाळायला मनला."

पत्र माझ्या हातात तसंच होतं.

"कागद हाय का? वाचा की."

मी वाचलं. सदर सभासदाच्या गोठ्यात जाऊन घेतलेल्या नमुन्यावरून दुधात पाणी मिसळल्याचे आढळले नाही. सबब सभासदाचे नाव चारा यादीत पूर्ववत घेण्यात यावे.

"ते पयलं पुन्यांदा वाचा. पान्याचं."

मी पुन्हा वाचलं. "दुधात पाणी मिसळल्याचे आढळले नाही."

त्यांनी मान हलवली. "मंगी असती तर तिला बी आयकवलं असतं."

मी निघायला उठलो, तर त्या म्हणाल्या, "बसा. उन्हाचं आलाव. जेवून जावा." मी नाही म्हणू शकलो नाही. त्यांनी भाकरी आणि ठेचा वाढला. भाकरी गोल होती. ठेचा माझ्या ठेच्याहून जहाल. तिसऱ्या घासाला माझे डोळे भरले, आणि ते ठेच्यानेच भरले असं मी आजवर सांगत आलोय.

सोजरबाई सवयीने उठल्या. दोन पावलं चुलीकडे, दुधाच्या पातेल्याकडे गेल्या आणि तिथेच थांबल्या. मग वळून माठातून तांब्या भरून आणला.

"पानीच प्या आता, सायेब."

पुढे संघाच्या बैठकीत मी हट्टाने एक ओळ नियमात घालून घेतली. गोठ्याचा नमुना आधी, लाल शाई नंतर. रीतीप्रमाणे तीन सडांची धारही चालेल, हेही घालून घेतलं. वरातीमागून घोडं, पण दुसऱ्या कोणाच्या तरी वरातीला ते उपयोगी पडलं असेल. जे शिकलो ते एवढंच की रजिस्टरचे दोन रकाने शेजारी शेजारी असतात ते एकत्र वाचण्यासाठी.

आणि तिखटावर पाणी पिऊ नये, आग वाढते. मला शास्त्राने ठाऊक होतं आणि त्या दिवशी तोंडानेही कळलं. तरी सोजरबाईंच्या घरी मी तो तांब्या संपवला, आणि आणखी एक मागितला. तो भरून आणताना सोजरबाई मुलांचं काही सांगू लागल्या होत्या, आणि ऐकायला तिथे दुसरं कोणी नव्हतं.